सोवळे, व्रत आणि खादी : खानदेशातील वस्त्रनिष्ठेचा एक अध्याय

मराठी भाषेत ‘सोवळे’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. तो एका अवस्थेचा वाचक आहे, आणि ती अवस्था प्राप्त करून देणाऱ्या वस्त्राचाही वाचक आहे. ‘ते सोवळ्यात आहेत’ असे म्हणताना मनुष्य शुचिर्भूत आहे हे जसे सांगितले जाते, तसेच त्याने मुकटा किंवा धूतवस्त्र नेसले आहे हेही सांगितले जाते. ‘सोवळे दांडीवर वाळत आहे’ या वाक्यात तर माणसाचा संबंधच उरत नाही. गुण मूळचा माणसाचा. तो कापडाकडे गेला आणि कापडाकडून पुन्हा माणसाकडे आला, असा हा अर्थाचा प्रवास आहे. यापुढची पायरी उपहासाची. ‘फारच सोवळा दिसतो’ असे कोणी म्हटले की ती स्तुती नव्हे, हे मराठी भाषकाला सांगावे लागत नाही. वस्त्राची आवड निष्ठा केव्हा होते आणि निष्ठेचा अट्टाहास केव्हा होतो, याची नोंद भाषेने अशा रीतीने एका शब्दात करून ठेवली आहे. विसाव्या शतकात खादीच्या वाट्याला हाच प्रवास आला. जळगाव व धुळे हे जिल्हे, म्हणजे १९०६ साली विभागले गेलेले पूर्व व पश्चिम खानदेश, या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत; कारण कापूस, गिरणी, हातमाग आणि खादीचे व्रत ही चारही येथे एकाच आवारात नांदली.

वस्त्रनिष्ठेचा युरोपातील सुपरिचित दाखला म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील किल्ट. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा, मागील बाजूस चुण्या घातलेला हा चौकड्यांचा लोकरी घागरा स्कॉटिश पुरुषाचा पुरातन वेश समजला जातो. वस्तुतः डोंगरी गुराख्यांचे जुने वस्त्र म्हणजे अंगाभोवती गुंडाळण्याची एक लांबरुंद घोंगडीच होती. तिचा खालचा भाग निराळा करून केलेला आखूड किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. त्याचे जनकत्व थॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदाराकडे दिले जाते. या मताविषयी विद्वानांत वाद आहे. १७४५ च्या बंडानंतर पार्लमेंटने १७४६ साली कायदा करून हा वेश निषिद्ध ठरविला. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंग, दुसऱ्यास सात वर्षे सागरापार हद्दपारी! मात्र सरकारच्याच डोंगरी पलटणींना त्यातून सूट होती. १७८२ साली बंदी उठली, तेव्हा ज्यांचा हा नित्याचा वेश होता त्यांच्यातील पुष्कळांची सवय सुटली होती, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी तो कधी अंगाला लावला नव्हता अशा सरदार-वकिलांना त्याची ओढ लागली होती. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा त्यानेही किल्ट नेसला. त्या सोहळ्याचे सूत्रधार होते कादंबरीकार वॉल्टर स्कॉट. १८४२ मध्ये राजवंशाचा वारसा सांगणाऱ्या दोघा भावांनी, आपल्यापाशी जुने हस्तलिखित असल्याची बतावणी करून, कोणत्या कुळाच्या चौकड्या कोणत्या याचा ग्रंथच छापला. तेव्हापासून ‘मी काय नेसावे’ हा प्रश्न मागे पडून ‘त्याने नेसले आहे ते नेसण्याचा त्याला अधिकार आहे काय’ हा प्रश्न पुढे आला. आवड आणि अट्टाहास यांच्यामधली सीमारेषा बहुधा याच ठिकाणी असते.

डोंगरी माणसाला त्याच्या वेशासह पलटणीत घ्यावयाचे आणि त्याच्या मुलखात मात्र तो वेश दंडनीय ठरवावयाचा, ही युक्ती स्कॉटलंडात झाली. खानदेशात तिचा निराळा अवतार दिसतो. १८१८ साली हा प्रांत इंग्रजांकडे आल्यानंतर सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या भिल्लांना ताब्यात आणण्यासाठी १८२५ साली भिल्ल पलटण उभारण्यात आली. ती उभारणारा जेम्स औट्राम हा लहानाचा मोठा झाला होता तो स्कॉटलंडातील अॅबर्डीन येथे. येथे लंगोटीवर बंदी घालण्याचे कारण नव्हते; गणवेश अंगावर चढविणे पुरेसे होते. या पलटणीचे ठाणे धरणगाव येथे होते, आणि धरणगाव हे नाव वस्त्राच्या इतिहासात त्याआधीच येऊन गेले आहे. सतराव्या शतकात इंग्रज कंपनीची वखार तेथे होती, आणि ही संपन्न पेठ मराठी फौजांनी लुटल्याचे उल्लेख आढळतात. जुन्या खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर. तेथील तलम व जरीचे कापड इराण, तुर्कस्तान आणि पार रशिया-पोलंडपर्यंत जात असल्याचे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने लिहून ठेवले आहे.

एकोणिसाव्या शतकात हा ओघ उलटला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचा भाव कडाडला, त्याच सुमारास रेल्वे आली, आणि खानदेशातून गासड्या बाहेर जाऊ लागल्या. कापड मँचेस्टरहून येऊ लागले. १८७० नंतरच्या दशकात जळगावला मूळजी जेठा यांची गिरणी सुरू झाली. पुढे अमळनेरला प्रतापशेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोतीलाल माणेकचंद यांची प्रताप मिल निघाली. धुळे व चाळीसगाव येथेही गिरण्या झाल्या. याच प्रतापशेठांच्या औदार्याने अमळनेरात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. खादीचा विचार खानदेशात आला तो अशा प्रदेशात, जेथे गिरणी ही परकी नव्हती. ती गावची अन्नदाती होती, विद्येची आश्रयदातीही होती. मँचेस्टरच्या धोतराची होळी करणे सोपे. प्रताप मिलच्या धोतराचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न होता.

‘खादी’ हा शब्द गांधीजींनी घडविला नाही. जाड्याभरड्या हातकापडाला तो पूर्वीपासून होता, आणि त्यात प्रतिष्ठेचा लवलेशही नव्हता. १९२१ च्या जुलैअखेर मुंबईत विदेशी कापडाची होळी झाली. २२ सप्टेंबरला मदुरा येथे गांधीजींनी स्वतः सदरा व टोपी टाकून पंचा पत्करला. यानंतर दहा-बारा वर्षांत खादीभोवती दोन शब्दसंग्रह जमा झाले. एक कामाचा : सरकी काढणे, पिंजणे, पेळू, चाती, टकळी, लट, गुंडी, ताणा, बाणा. दुसरा व्रताचा : सूत्रयज्ञ, खादीव्रत, खादीभक्त, खादीधारी, शुद्ध खादी. पहिल्या संग्रहातील शब्द हातांना ठाऊक असतात, दुसऱ्यातील जिभेला. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी असतील तोवर बिघडत नाही. खादीच्या इतिहासात दुसरा संग्रह वाढत गेला आणि पहिला रोडावत गेला, हे त्या काळची भाषणे व अहवाल चाळणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहात नाही. आणखी एक योगायोग भाषाभ्यासकाने टिपून ठेवावा असा. खानदेशातील शाळकरी मुलाला घरची अहिराणी सोडून ‘शुद्ध’ बोलण्यास सांगितले जाई, आणि त्याच पिढीत ‘शुद्ध’ नेसण्याचीही हाक आली. ग्रियर्सनने खानदेशी बोलीला आपल्या पाहणीत मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या शेजारी, नवव्या खंडात बसविले होते; तो वाद निराळा. पण शुद्ध-अशुद्धाची फूटपट्टी एकदा हाती आली की ती जीभ आणि अंगरखा यांत भेद करीत नाही.

व्रताचे नियमात रूपांतर झाले ते १९२४ साली. त्या वर्षअखेर बेळगावच्या अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी राजकीय प्रसंगी खादी वापरणे आणि दरसाल २४,००० वार हातसूत देणे आवश्यक ठरले. या नियमातील एक सवलत वाचण्याजोगी आहे. सभासद आजारी असेल, किंवा कातण्याची त्याची इच्छा नसेल, तर दुसऱ्याने कातलेले सूत त्याने द्यावे! इच्छा नसलेल्याचे व्रत दुसऱ्याने पाळावे, ही तरतूद व्रताच्या कल्पनेशी किती सुसंगत आहे ते वेगळे सांगावयास नको. वर्षाच्या आतच, १९२५ च्या सप्टेंबरात पाटणा येथे, सुताला चार आण्यांचा पर्याय पुन्हा मान्य करावा लागला आणि कताईचे कार्य अखिल भारतीय चरखा संघाकडे सोपविण्यात आले. त्याच महिन्यात रवींद्रनाथांचा चरखापंथावरील टीकालेख प्रसिद्ध झाला. सर्वांनी एकच कृती यंत्रवत करावी या आग्रहात बुद्धीचे दास्य आहे, असा त्यांचा रोख होता. गांधीजींनी त्याला उत्तर दिले. पण नियम सैल झाल्याची घटनाच या वादात अधिक बोलकी आहे. तरीही १९३४ च्या मुंबई अधिवेशनात ‘नित्य खादी वापरणारा’ ही अट अधिकारपदांच्या निवडणुकीसाठी पुन्हा आलीच. ‘नित्य’ म्हणजे किती आणि ते तपासावयाचे कोणी, हे शब्दकोशाने सुटणारे कोडे नव्हते.

सरकारनेही या बाबतीत स्कॉटलंडचा कित्ता गिरविला. १९३० साली आंध्रातील गुंटूर येथे गांधी टोपीवर बंदी घालण्यात आली, आणि ज्यांनी ती टोपी कधी मनावर घेतली नसती अशांच्याही डोक्यावर ती चढली. पेशवाईतील मराठीत ‘टोपीकर’ म्हणजे युरोपियन. पगडी-मुंडाशाच्या देशात टोपी हीच परकेपणाची खूण होती. शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच शब्दाची दिशा अशी पालटली की टोपी घातली तो स्वदेशी आणि न घातली तो संशयित.

खानदेशात खादीला पाया मिळाला तो मात्र सभांतून नव्हे. भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वकिली बाजूला सारून कापूस ते कापड हा सगळा व्यवहार हाती घेतला. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींचा खानदेशात दौरा झाला तोही मुख्यतः खादीकार्यासाठी. व्यवहाराच्या अडचणी लहान नव्हत्या. येथील कापूस आखूड धाग्याचा. त्याचे हातसूत जाडे, आणि कापड त्याहून जाडे. पुरुषाच्या पंचाला ते चालून जाई. बाईचे नऊवारी लुगडे त्या कापडाचे घेतले तर विहिरीवर धुताना ओल्या लुगड्याचे ओझे कोणाच्या मनगटावर पडे, याचा विचार व्याख्यानांतून क्वचितच झाला. शिवाय गिरणीच्या कापडाहून खादी महाग. मंदीच्या वर्षांत कापसाचा भाव कोसळलेला असताना, स्वतःच्या शेतातला कापूस स्वस्त विकून त्याचेच कापड महाग घ्यावयाचे, हे कुणब्याला उमगणे कठीण होते. आणि न उमगल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

या पार्श्वभूमीवर दोन माणसांकडे पाहावे लागते. पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. मधल्या सहा वर्षांत छात्रालयातील मुलांवर त्यांचा जो प्रभाव पडला तो त्यांच्या खादीमुळे पडला असे कोणी म्हटलेले नाही. मुलांचे अंथरूण आवरणारा, आजाऱ्याची शुश्रूषा करणारा शिक्षक मुलांनी पाहिला; त्याच्या अंगावर खादी होती. पुढे १९३८ पासून अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालविताना ते शेतकऱ्यांच्या बरोबरीने गिरणी कामगारांची बाजू लढवीत होते. खादीधारी माणसाने गिरणीतल्या माणसासाठी झगडावे यात ज्याला विसंगती वाटते, त्याची निष्ठा कापडावर आहे असे समजावे. साने गुरुजींची माणसावर होती.

दुसरे विनोबा. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेवर जी प्रवचने केली, ती साने गुरुजींनी तेथेच लिहून घेतली. तुरुंगात वेशाची निवड कैद्याच्या हाती फारशी नसते, हे येथे ध्यानात ठेवावे. या मालिकेतील चौथ्या प्रवचनाचा विषय आहे कर्म आणि विकर्म : बाहेरच्या क्रियेला आतल्या मनाची जोड मिळाली तर ती हलकी होते, जोड नसेल तर ती नुसते ओझे होऊन राहते. खादीवरील टीका म्हणून ते बोलले नाहीत. तथापि खादीच्या अट्टाहासाची याहून नेमकी चिकित्सा त्या काळच्या मराठीत शोधून सापडणार नाही, आणि ती केली ती चरख्यावर सर्वांत अधिक श्रद्धा असलेल्या माणसाने. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला केवळ कताईच्या मजुरीवर पोट भरते काय, याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. मजुरी किती अपुरी आहे हे त्यांना असे उपाशी राहून कळले. १९३५ साली चरखा संघाने कातणारणीला निर्वाहापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा खादी आणखी महाग होणार हे उघड होते. किंमत चढली म्हणून कुरकुरणारे खादीभक्त त्या वेळीच ओळखू आले असतील.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले; खेड्यात भरलेले हे पहिलेच. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले. नंदलाल बोस यांनी बांबू, तट्टे व गावातलेच सामान वापरून ‘टिळकनगर’ सजविले, अध्यक्ष जवाहरलालजींची मिरवणूक बैलजोड्यांच्या रथातून निघाली, आणि खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडले. खानदेशच्या स्मरणात अधिवेशन राहिले ते या देखाव्यासह. परंतु या अधिवेशनाने जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला त्यात सारा, खंड आणि कर्ज या गोष्टी होत्या. मंडपाबाहेर कापूस पिकविणारे लोक बसले होते, आणि त्यांचा प्रश्न अंगावर काय घ्यावे हा नव्हता. एकाच मैदानावर प्रदर्शन व ठराव शेजारी शेजारी राहिले, यातच फैजपूरचे मोठेपण आहे. नंतरच्या आठवणींनी प्रदर्शन तेवढे ठेवले.

शुद्धतेच्या आग्रहाची सर्वांत मोठी झळ ज्यांना बसली त्यांचा उल्लेख खादीच्या इतिहासांत अभावानेच येतो. धुळे व शेजारचे मालेगाव येथील मोमीन विणकर हातमागावर कापड विणीत, पण सूत गिरणीचे वापरीत. हाताने विणलेले असूनही हे कापड प्रमाणित खादीच्या व्याख्येबाहेर होते. गिरणीच्या स्पर्धेने गांजलेला विणकर आणि गिरणीच्या विरोधात उभी राहिलेली चळवळ एकमेकांचे सोबती व्हावयाचे; मध्ये ‘शुद्ध’ हे विशेषण आडवे आले. आर्थिक दृष्ट्या या व्याख्येचे समर्थन करता येते, कारण हातसुताला गिऱ्हाईक मिळवून देणे हाच संघाचा हेतू होता. मात्र विणकराच्या कानावर ती व्याख्या कशी पडली असेल, हे समजण्यासाठी सोवळ्या-ओवळ्याची भाषा जाणणे पुरेसे आहे.

याहून खोल जाणारा आक्षेप महाडहून आला. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे वापरावीत अशी आज्ञा आहे. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना उपदेश केला की नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून आपली जात ओळखू येते. ती ओळख टाका, वरिष्ठ वर्गातील स्त्रिया नेसतात तसे नेटके नेसा. जाडेभरडे वस्त्र स्वीकारणे हा ज्याच्यापाशी तलम वस्त्र आहे त्याचा त्याग होय. ज्याच्यावर जाडेभरडे शतकानुशतके लादले गेले त्याने त्यात कोणता त्याग पाहावा? बाबासाहेबांचा कोट-पाटलोण हा विलायती मोह नव्हता, ते याच प्रश्नाचे उत्तर होते. किल्ट नेसणाऱ्या एडिंबरोच्या वकिलाला गुराख्याचे दारिद्र्य भोगावे लागले नव्हते, हेही येथे आठवते. वस्त्र तेच राहते. ते घेणारा कोठून आला आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि नियम करणारे हे विसरतात.

गांधीजी ते विसरले नव्हते असे मानण्यास आधार आहे. तुरुंगातून सुटल्यावर, १९४५ साली, त्यांनी चरखा संघाकडून असा नियम करविला की खादी घेणाराने किमतीचा काही भाग स्वतः कातलेल्या सुताच्या रूपाने द्यावा. खादी दुकानातून विकत घेऊन निष्ठा सिद्ध करण्याची वाट त्यांनी स्वतःच अरुंद केली. पेळू आणि चाती यांना ठाऊक नसलेल्या खादीभक्ताला गुंडी आणावयास सांगणे म्हणजे दुसऱ्या शब्दसंग्रहातून पहिल्यात परत बोलावणे होते. दोन वर्षांत स्वराज्य आले. पांढरी टोपी सत्तेच्या दारातून आत गेली, आणि ‘टोपी फिरविणे’, ‘टोपी घालणे’ या वाक्प्रचारांना खानदेशातल्या बाजारगप्पांत नवी धार आली. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाल्यावर खादी हे अनुदानाचे व सवलतीचे कापड बनले. २ ऑक्टोबरची सूट हा तिच्या वर्षातला मोठा दिवस ठरला.

शेवटची अट उरली होती ती झेंड्याची. राष्ट्रध्वज हातसुताच्या व हातमागाच्या कापडाचाच असावा, हा नियम सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेले आणि पॉलिएस्टरचे कापडही ग्राह्य ठरले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी झेंडे लागले, तेव्हा जळगाव-धुळ्याच्या शेतांत कापूस फुलोऱ्यावर होता.